तालचीर लागलं की बोअर बंद : स्वालबार्डचे सात दिवस

पहिला दिवस : जोडे बाहेर

हॉटेलच्या दारातच जोडे काढायला सांगितले. दाराशी लाकडी मांडणीत पन्नाससाठ जोड्या, एकादशीला देवळाबाहेर असतात तशा. लेक म्हणाली, "बाबा, इथली जुनी रीत आहे. खाणीतून आलेल्या माणसांच्या बुटांबरोबर कोळसा घरात यायचा ना, म्हणून."

"हे मला सांगतेस?" मी म्हटलं. तिच्या आईनं हीच रीत आमच्या चंद्रपूरच्या क्वार्टरमध्ये तीस वर्षं पाळायला लावली, आणि मांडणीबिंडणी काही नव्हती, नुसतं ओरडणं होतं.

माझी नोकरी कोळसा शोधायची. वर्धा खोऱ्यात बोअर मारायचे, नळीतून निघालेला खडक, म्हणजे कोअर, पेटीत ओळीनं मांडायचा आणि किती मीटरवर काय लागलं ते वहीत लिहायचं. वरची काळी माती, मग वालुकाश्म, शेल, कोळसा, पुन्हा वालुकाश्म. आणि सगळ्यांत खाली एक हिरवट, चिवट मातकट खडक, ज्यात लहानमोठे गोटे कसेही रुतलेले. त्याला आम्ही 'तालचीर' म्हणायचो. तालचीर लागलं की बोअर बंद, कारण त्याच्याखाली कोळसा नाही. यंत्र उचला, पुढच्या ठिकाणी चला. त्या गोट्यांकडे मी नोकरीभर एवढंच बघितलं. बर्फानं आणलेले गोटे, असं कॉलेजात शिकलो होतो. पण शिकणं वेगळं. चंद्रपुरात मे महिन्यात 46 अंशांत शेडखाली कोअर धुताना बर्फ म्हटलं की डोळ्यांसमोर लिंबूसरबतच येतं.

लेक ओस्लोला नोकरी करते. मी निवृत्त झाल्यावर तिनं विचारलं, युरोपात काय बघायचंय? मी म्हटलं, तालचीर कसं तयार होतं ते. तिनं काही दिवस विचार करून स्वालबार्डची, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या बेटांची, तिकिटं काढली.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना: स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, बाहेर आहे. म्हणजे ओस्लोहून विमानात बसलात की तुम्ही शेंगेन सोडलं आणि परतताना पुन्हा आत आलात. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर तिकडेच अडकाल. आमचा दोनदा प्रवेशाचा होता, तरी ट्रॉम्सोला पासपोर्टाची रांग लागलीच.

लाँगयिअरब्येन 78 अंश उत्तरेला. जॉन मन्रो लाँगयिअर नावाच्या अमेरिकनानं 1906 मध्ये कोळशासाठी वसवलेलं गाव. डोंगराच्या कडेनं कोळशाच्या बादल्या वाहणाऱ्या रोपवेचे लाकडी खांब अजून उभे आहेत, तारा नाहीत. शेवटची, सात नंबरची खाण 2025 च्या जूनअखेर बंद झाली. आता गावात दुकानं, हॉटेलं, विद्यापीठ आणि रस्त्यावर निवांत चरणारं रेनडिअर. रात्री बारा वाजता खिडकीत ऊन. पडदा लावला, तरी झोप नाही.

दुसरा दिवस : बर्फाची ओबी

गावाच्या वरच्या टोकाला लाँगयिअरब्रेन ही हिमनदी येऊन थांबते. 'ब्रेन' म्हणजेच हिमनदी. आमची गाइड, एक स्वीडिश पोरगी, पाठीला बंदूक लावून आली. गावाबाहेर पडायचं तर अस्वलाची तयारी लागते. आम्हाला बुटांना लावायच्या काटेरी पट्ट्या दिल्या.

बर्फ दिसायच्या आधी तासभर हिमोढ तुडवावा लागला. हिमोढ म्हणजे हिमनदीनं आणून टाकलेला दगडमातीचा ढीग. चंद्रपूर, वणी, घुग्गुस या बाजूच्या माणसाला तो समजावून सांगायची गरजच नाही. ओपनकास्ट खाणीशेजारी ओबीचे डोंगर असतात ना, कोळशावरचा खडक काढून टाकलेले? हुबेहूब तेच. मोठा धोंडा, त्याला टेकून भुगा, मध्येच चिखल, कशालाच वर्गवारी नाही. पाणी जे वाहून आणतं ते निवडून ठेवतं: गोटे एकीकडे, वाळू एकीकडे, गाळ त्याच्या पुढे. बर्फाला ती सवय नाही. जे हाताला लागेल ते घ्यायचं आणि हात सुटला तिथं टाकायचं.

एका जागी गाइडनं बुटाच्या टाचेनं माती उकरली. वीतभर खाली काळपट निळा बर्फ. म्हणजे आम्ही ज्याला टेकडी समजून चढत होतो ती आतून बर्फच होती, वर नुसतं मातीचं पांघरूण.

मग बर्फावर पाय पडला. माझी समजूत अशी होती की दगड हिमनदीच्या पोटाखालीच असणार. इथं तर वरच पसरले होते. दोन्ही बाजूंच्या कड्यांतून हिवाळ्यात फटींत पाणी गोठतं, फट रुंदावते, दगड सुटतो आणि घरंगळत बर्फावर येऊन पडतो. पुढचं काम बेल्टचं. कोळशाच्या कन्व्हेयर बेल्टवर जे पडतं ते न घासता, न फुटता पुढच्या टोकाला जातं, तसंच. म्हणून वरच्या दगडांच्या कडा धारदार होत्या, काल फोडल्यासारख्या. हा बेल्ट मात्र वर्षाला जेमतेम काही मीटर सरकतो. इथला बर्फ बराचसा तळाला गोठून चिकटलेला आहे, त्यामुळे तळ घासायचं काम तो फार करत नाही.

दगडाची जाडीही खेळ करते. पातळ खडे उन्हानं तापतात आणि बर्फात भोक पाडून खाली जातात. सगळीकडे बोटभर खोल नळकांडी दिसत होती, तळाशी काळा चिखल. जाड धोंड्याचं उलटं. त्याच्या सावलीतला बर्फ वितळत नाही, आजूबाजूचा वितळतो, आणि काही दिवसांनी धोंडा बर्फाच्या खांबावर उभा राहतो, एकपायी चौरंगासारखा. मग एक दिवस घसरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. एक चौरंग माझ्या कंबरेएवढा होता. लेकीनं त्याच्याशेजारी माझा फोटो काढला, त्यात मी निष्कारण गंभीर आहे.

परतताना गाइडनं हिमोढात बसकण मारली आणि दगडाच्या पाट्या उलटायला लागली. पाचव्याच पाटीवर पान. शिरा, देठ, कडेचे दाते, सगळं स्पष्ट. इथे पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी रुंद पानांचं जंगल होतं. तेच दबून इथला कोळसा झाला. ती पानं वर डोंगराच्या थरांत अडकलेली. आपण तिथं चढून जाऊ शकलो नसतो, म्हणून हिमनदीनं ती पायथ्याशी आणून ठेवलेली. शेजारीच कोळशाचा तुकडा पडलेला दिसला. उचलला, नखानं खरवडला, वास घेतला. सवय.

"बाबा, तो आपला नाहीये," लेक म्हणाली.

तिसरा दिवस : समुद्र

दुपारी बोटीवर चढलो. साठेक प्रवासी, लहान खोल्या. इसफियॉर्डच्या बाहेर पडलो (फियॉर्ड म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेली समुद्राची खाडी) आणि बोट जी हलायला लागली ती रात्रभर. या दिवसाबद्दल मला लिहिण्यासारखं काही आठवत नाही आणि आठवतं ते लिहिण्यासारखं नाही.

चौथा दिवस : दगड पडल्याचा आवाज

सकाळी काँग्सफियॉर्डमध्ये पाणी ताटासारखं. नाष्ट्याला बसलो आणि पुन्हा माणसात आलो.

न्यू-ऑलेसुन हे संशोधकांचं गाव. फोन, वायफाय, ब्लूटूथ सगळं बंद करून उतरायचं, कारण आसपासच्या रेडिओ दुर्बिणींना आपल्या खिशातला फोनही त्रास देतो. रंगीत लाकडी घरांच्या रांगेत एका घरावर 'हिमाद्री' लिहिलेलं. भारताचं केंद्र, 2008 पासून इथं आहे आणि त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडून चालतो. दार बंद होतं, आत जायची परवानगीही नव्हती. तरी दोन मिनिटं उभा राहिलो.

त्याहून जास्त वेळ मी उभा राहिलो तो खाणकामगारांच्या स्मारकापाशी. हेही मुळात कोळशाचंच गाव. 5 नोव्हेंबर 1962 ला स्फोटात 21 माणसं गेली, पुढच्या वर्षी खाण बंद झाली आणि त्या प्रकरणावरून नॉर्वेचं सरकारही पडलं. कोळशाचं छोटं इंजिन अजून धक्क्याजवळ उभं आहे, डब्यांसकट. 21 हा आकडा मी मनात दोनदा म्हटला. आमच्या भागातही असे आकडे आहेत. सरकार पडल्याचं मात्र आठवत नाही.

दुपारी समोरच्या बाजूला, ब्लॉमस्ट्रांडहाल्वोयावर. 'हाल्वोया' म्हणजे द्वीपकल्प. नाव तेच राहिलं, पण जमिनीला जोडणारी हिमनदी मागे सरली आणि 1990 च्या सुमारास कळलं की हे तर बेट आहे. इथं अर्नेस्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रजानं 1911 च्या सुमारास संगमरवराची खाण काढली. यंत्रं आणली, रूळ टाकले, जहाजानं दगड पाठवला. दगड वाटेत भुसभुशीत झाला. हजारो वर्षांचं गोठणं-वितळणं त्याच्या अंगात मुरलेलं. थंडीनं धरून ठेवलेल्या भेगा उबेत सुटल्या. यंत्रं तिथंच गंजत पडली आहेत. आणि त्याच संगमरवरावर, बर्फानं आणून ठेवलेले भलत्याच जातीचे धोंडे आरामात बसलेले. मॅन्सफील्डला दगड न्यायला जमलं नाही, बर्फाला न मागता जमलं. मला हसू आलं, पण त्या माणसाचे पैसे गेले होते, म्हणून आवरलं.

संध्याकाळी रबरी बोटीतून क्रोनेब्रेनच्या दिशेनं. मागे तीन टोकदार डोंगर, स्वेआ, नोरा आणि डाना: स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कचे तीन मुकुट. ही हिमनदी पहिलीसारखी निवांत नाही. उन्हाळ्यात दिवसाला दोन मीटरच्या आसपास सरकते. तिच्या तळाशी पाणी आहे, ती घसरते आणि घसरताना खालचा खडक दळते. पीठ एवढं बारीक की समुद्राचा रंग बदलतो. मागे लाल वालुकाश्म आहे, म्हणून इथलं पाणी तांबूस, वर्धा नदी पहिल्या पुराला असते तसं.

गाइडनं इंजिन बंद केलं. आसपासच्या बर्फातून तडतड ऐकू यायला लागली, भट्टीत फुटाणे टाकल्यासारखी. बर्फात वर्षानुवर्षं दाबून राहिलेली हवा सुटत होती. आमच्यापासून बऱ्यापैकी लांब घराएवढा एक हिमनग होता, पांढरा, पण मधोमध एक मळका पट्टा. दुर्बिणीतून बघितलं तर पट्टा म्हणजे दगड. लहान, मोठे, काही अर्धे बाहेर आलेले, केकमधल्या काजूसारखे. हे तळाचं बर्फ. हिमनदी जिथं तळ घासते तिथला माल घेऊन समुद्रात तुटून पडलेलं.

आम्ही बघत असतानाच पाणी लागून एक दगड सुटला. नारळाएवढा असेल. डुबुक. थोड्या वेळानं आणखी दोन. मग अचानक हिमनग कण्हल्यासारखा आवाज आला, तो एका बाजूला कलला, सावकाश, म्हातारं माणूस कूस बदलतं तसा, आणि वरची खडी ओंजळीनं टाकावी तशी पाण्यात गेली. डबडबडब. मग लाट आली, आमची बोट वरखाली झाली, आणि हिमनग नवा, निळा, धुतलेला चेहरा वर करून पडून राहिला.

मी काही बोललो नाही. लेकीला वाटलं घाबरलो. मी पेटी बघत होतो, कोअरची.

कारण त्या खडीचं पुढे काय होतं ते मला माहीत होतं. खाली फियॉर्डचा तळ आहे. तिथं पीठ सावकाश बसतंय, थरावर थर, मऊ, पातळ. त्यात नारळाएवढा दगड वरून येऊन पडतो. खालचे थर दबून वाकतात, पुढचं पीठ त्याच्यावर पांघरूण घालतं. उद्या त्याचा खडक झाला आणि कुणी तो उभा कापला, तर बारीक मातीच्या थरात एकटाच एक गोटा दिसणार, खालच्या रेघा त्याच्या बुडाशी वाकलेल्या. त्या गोट्याला वाहून आणेल एवढा प्रवाह त्या मातीत कधीच नव्हता; प्रवाह असता तर माती बसलीच नसती. म्हणजे तो वरूनच आला असणार. आणि समुद्रात वरून दगड टाकणारं, बर्फ सोडून, फारसं कोण आहे?

असे कोअर मी शेकड्यांनी हाताळले. पेन्सिलनं लिहिलं: तालचीर, बोअर बंद.

तालचीर हे ओडिशातलं गाव. तिथल्या गोट्यांच्या थरामागे बर्फ असावा, हे 1856 मध्येच ब्लॅनफर्ड बंधू या भूशास्त्रज्ञांनी लिहून ठेवलं होतं. भारतात, तेही तालचीरला, बर्फ? लोकांना पटायला जड गेलं. मग फेडन नावाच्या भूगर्भ सर्वेक्षणातल्या माणसाला आमच्या चंद्रपूरजवळ इरई गावापाशी गोट्यांच्या थराखाली चुनखडी सापडली. तिचा पृष्ठभाग गुळगुळीत घासलेला, वर समांतर ओरखडे. त्यानं ते 1875 मध्ये छापलं. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी, गोंडवन, म्हणजे दक्षिणेकडचे सगळे खंड, एक असताना, आपली जमीन दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती आणि तिच्यावरून बर्फ सरकत होता. जिथं फेडन वाकून ओरखडे बघत होता, तिथून थोड्या अंतरावर मी पुढे शंभर वर्षांनी स्कूटरवरून साइटवर जायचो. थांबलो नाही कधी.

पाचवा दिवस : झाड नसलेल्या बेटावर ओंडके

स्वालबार्डवर झाड नाही. इथली विलो ही 'झाडं' म्हणवतात आणि उंचीला बोटभर असतात. आणि क्रॉसफियॉर्डच्या अलीकडे जिथं उतरलो त्या किनाऱ्यावर ओंडक्यांचा खच पडलेला. लार्च, पाइन, कित्येकांच्या टोकांवर करवतीचे सरळ काप. सायबेरियातल्या नद्यांत सोडलेली लाकडं निसटून समुद्रात येतात, तिथं गोठणाऱ्या समुद्रात अडकतात आणि बर्फासोबत ध्रुवावरून इकडे. नुसती तरंगली तर लाकडं पाणी पिऊन वाटेत बुडतील. बर्फ त्यांना उचलून धरतो.

याच वाहत्या बर्फावर फ्रिट्यॉफ नान्सेन या नॉर्वेच्या शोधप्रवाशानं आपलं अख्खं जहाज पणाला लावलं. जॅनेट नावाचं जहाज 1881 मध्ये सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडलं, आणि त्यावरच्या वस्तू तीन वर्षांनी ग्रीनलंडच्या किनाऱ्याशी सापडल्या. नान्सेन म्हणाला, वस्तू जातात तर जहाजही जाईल. 1893 मध्ये त्यानं आपलं 'फ्राम' जहाज मुद्दाम बर्फात गोठू दिलं, आणि 1896 च्या ऑगस्टात ते स्वालबार्डच्या वायव्येला बर्फातून मोकळं झालं. असल्या कल्पना नोकरीत मांडल्या असत्या तर आमच्याकडे माणसाची बदली झाली असती.

ओंडक्याबरोबर दगडही येतात, हे मला इथं कळलं. एका उपटलेल्या लार्चच्या मुळांत मूठभर काळसर खडे घट्ट अडकले होते. काढून बघायचा मोह झाला, काढले नाहीत. समुद्री शेवाळं दगडाला चिकटतात आणि वाढली की दगडच घेऊन तरंगतात, तीही एक तऱ्हा. पण मोठा हमाल समुद्राचा बर्फच. सायबेरियाचा समुद्र उथळ आहे. शरदात तो घुसळत घुसळत गोठतो, तेव्हा बर्फाचे कण तळाचा गाळ उचलून वर आणतात. किनाऱ्याला चिकटलेला बर्फ वाळू-गोटे धरून सुटतो. दोन-तीन वर्षांत तो ग्रीनलंड आणि स्वालबार्डच्या मधल्या सामुद्रधुनीत येतो, वितळतो, आणि सायबेरियाची माती अटलांटिकच्या तोंडाशी पडते. दगड एकाच जातीचा, पण हिमनगानं आणला की समुद्राच्या बर्फानं, हे ओळखणं अवघड काम असतं. हिमनगाचा माल सगळ्या मापांचा. समुद्राच्या बर्फाचा बहुधा बारीक, आणि गोटे असलेच तर किनाऱ्यावर घोळून गोल झालेले.

त्याच किनाऱ्याच्या वर, सपाटीवर, जमिनीत दगडांची गोल गोल रिंगणं. मध्ये माती, कडेनं गोटे, हातानं रचल्यासारखी. जमीन गोठते, फुगते, दगड वर ढकलते आणि कडेला सारते, वर्षानुवर्षं तेच. इथून दक्षिणेला क्वादेहुक्स्लेट्टा म्हणून जागा आहे, तिथली रिंगणं जगात नावाजलेली. आम्हाला दिसलेली लहान होती. एका प्रवाशानं मला विचारलं, कुणी पूजा केली असेल का? आमच्याकडे झाली असती, मी म्हटलं.

सहावा दिवस : घर बदललेला दगड

बोट पुन्हा दक्षिणेला, इसफियॉर्डच्या आत बिलेफियॉर्डमध्ये. सकाळी नॉर्डेनशॉल्डब्रेनसमोर उतरलो. इथल्या किनाऱ्याचे डोंगर चुनखडीचे आणि जिप्समचे, आडव्या फिकट थरांचे. आणि त्या फिकट खडीवर एक लालसर धोंडा, ऑटोरिक्षाएवढा. नाइस नावाचा खडक. गुलाबी आणि काळ्या पट्ट्या, वेटोळी घेतलेल्या. आसपासच्या थरांशी त्याचं काही नातं नाही. त्याचे सगेसोयरे हिमनदीच्या मागे, बर्फातून डोकं काढलेल्या जुन्या खडकात.

मी हातमोजा काढून त्याच्यावर हात फिरवला. तीन बाजू खडबडीत, गोलसर. चौथी सपाट, रंधा मारल्यासारखी. ही बाजू तळाला टेकून घासत आली. शेजारी एक काळा चुनखडीचा तुकडा पडला होता, तळहाताएवढा, इस्त्रीच्या आकाराचा. त्यावर ओरखडे, पाटीवर खिळ्यानं ओढावे तसे. नीट बघितलं तर दोन दिशांचे: एक जुडगं लांबट, दुसरं त्याला तिरकं छेदणारं. म्हणजे वाटेत कधीतरी दगड बर्फाच्या मुठीत फिरला आणि मग नव्या बाजूनं घासायला लागला. नाइसवर असे ओरखडे टिकत नाहीत, बारीक कणांच्या दगडावर टिकतात.

एवढा धोंडा बर्फानं मुळात उचलला कसा? खडकाच्या उंचवट्यावरून बर्फ जातो तेव्हा चढाच्या बाजूला दाबानं थोडा वितळतो. ते पाणी उताराच्या बाजूला जातं, तिथं दाब कमी, म्हणून भेगांत पुन्हा गोठतं. आता बर्फाची बोटं खडकाच्या भेगांत अडकलेली आणि वरचा बर्फ पुढे चाललेला. दात उपटतात तसं. म्हणून असे उंचवटे एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं तुटके असतात. त्यावरून बर्फ कुठून कुठं गेला ते कळतं.

हिमनदीजवळचे धोंडे स्वच्छ होते, किनाऱ्याला लांब जावं तसे त्यांच्यावर काळे, मग नारिंगी डाग वाढत जाणारे. दगडफूल. जो आधी उतरला त्याच्यावर जास्त. ही हजेरीवहीच.

लेक म्हणाली, नॉर्वेजियनमध्ये अशा दगडाला 'फ्लुटब्लोक' म्हणतात. 'फ्लुट्टे' म्हणजे घर बदलणं, सामान हलवणं. ती ओस्लोत चार वर्षांत तीन घरं बदलून बसली आहे, तिला तो शब्द बरोबर लक्षात राहिला. तिकडची जुनी माणसं म्हणायची, हे धोंडे राक्षसांनी चर्चवर नेम धरून फेकले आणि नेम चुकला. आपल्याकडे असल्या धोंड्यावर भीमाचा हक्क.

मी तिला फिनलंडची गोष्ट सांगितली, कारण ती आमच्या धंद्यातली आहे. 1908 मध्ये तिथं तांब्याच्या धातुकाचा एक धोंडा सापडला, जिथं तांब्याचा पत्ता नाही अशा ठिकाणी. बर्फ कुठून आला असेल याचा माग काढत सर्वेक्षक उलट दिशेनं गेले आणि 1910 मध्ये सुमारे 50 किलोमीटरवर आउटोकुम्पुची खाण हाती लागली. बोअर मारायचे ते माग काढल्यावर.

"म्हणजे तुमची नोकरी एका दगडानं केली," ती म्हणाली.

दुपारी पिरॅमिडेन, रशियनांनी 1998 मध्ये सोडलेलं खाणीचं गाव. लेनिनचा पुतळा हिमनदीकडे तोंड करून. सगळे फोटो काढत होते. मी कॅन्टीनच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. बंद पडलेली खाण मला फोटोत नको असते.

परतीला रबरी बोट काप एकहोमच्या मातीच्या कड्याखालून नेली. इथं समुद्रानं किनारा उभा कापलेला आहे. खाली हिमनदीचा घट्ट राखाडी चिखल, त्यात कसेही रुतलेले गोटे. त्यावर समुद्राचा गाळ, शिंपल्यांसकट. त्यावर किनाऱ्याची खडी. मग पुन्हा गोट्यांचा चिखल, पुन्हा गाळ, पुन्हा खडी. बर्फ आला, गेला, समुद्र शिरला, जमीन वर उचलली गेली, बर्फ परत आला. गाइड हात हलवून समजावत होती. मला समजावायची गरज नव्हती. उभी ठेवलेली पेटीच होती ती. मी झूम करून खालच्या थराचा फोटो काढला.

सातवा दिवस : परत

लाँगयिअरब्येनला बोटीवरून उतरलो तेव्हा फोनला रेंज आली. विमानाला वेळ होता. जोडे काढून हॉटेलात चहा घेत बसलो आणि तो फोटो माझ्या जुन्या ड्रिलरला पाठवला. पंचवीस वर्षं आम्ही एका यंत्रावर होतो. आता तो गडचांदूरला नातवाला शाळेत सोडतो. फोटोखाली मी काहीच लिहिलं नाही, कुठला तेही नाही.

पाच मिनिटांनी उत्तर आलं.

"साहेब, हे तर तालचीर. काहून वेळ घालवता? बोअर बंद करा."